धावड्याच्या डिंकाचे मासे

कागदाचा मासा पोहला, हे सांगून कुणाला पटायचं नाही. पटूही नये. शहाण्या माणसाने असल्या गोष्टी कानावर पडल्या तरी उठून जावं. पण तेलगावच्या अलीकडे, उसाच्या फडांच्या मधोमध जी वाडी आहे, तिथल्या अंगणवाडीत तो पोहला. एक नव्हे, तळंभर मासे पोहले आणि त्यांच्या मागून एक कासवही निघालं. बघायला अर्धी वाडी हजर होती. ज्याला खोटं वाटत असेल त्याने खुशाल जाऊन विचारावं. फक्त सुग्रीव आबांना विचारू नये, एवढंच.

कारण आबांनी आज बुधवार आहे म्हटलं तरी लोक भिंतीवरचं कॅलेंडर बघत. कपिलधारच्या धबधब्याखाली त्यांनी म्हणे एकदा छत्री उघडली, तर पाणी लाजून माघारी वर गेलं. त्यांच्या आज्याच्या बोकडाने निजामाच्या मोटारीला अशी टक्कर दिली, की बोकड उभाच राहिला आणि मोटारीला खाटेवर घालून न्यावं लागलं. अशा माणसाच्या हातून खरोखरीचा चमत्कार घडावा, आणि तो घडत असताना त्यालाच तो नकोसा व्हावा, याला काय म्हणायचं?

सगळं सुरू झालं शुगरवरून. आबांना शुगर निघाली आणि त्यांच्या सुनेने, बबिताने, घरातून गोडाचा वाससुद्धा हद्दपार केला. बबिता वाडीची अंगणवाडी सेविका. साऱ्या गावच्या लेकरांचं वजन करणारी, उंची मोजणारी, नखं तपासणारी बाई. तिच्या नजरेतून सासरा कुठून सुटणार?

"आबा, तोंड उघडा."

"कावून?"

"उघडा म्हन्ते ना. जिभेला काय लागलंय?"

"जीभच हाय ती, बाई."

"काल लग्नाला गेलतात. बुंदी खाल्लीत?"

"बुंदीकडं पाठ करून बसलतो. इचार कुनाला बी."

"इचारलं. बुंदी वाढनाऱ्यालाच इचारलं," बबिता म्हणाली, आणि आबांच्या पुढ्यात बिनसाखरेचा चहा आदळला.

माणसाने जगायचं तरी कशावर? आबांनी खूप विचार केला. एके दिवशी ते धुळाजीच्या गुऱ्हाळावर गेले आणि कढईतली ताजी, दाट, तांबूस काकवी बाटलीभर घेऊन आले. आता बाटली ठेवायची कुठे? घरात तर कणगीच्या तळापर्यंत झडती व्हायची. मग आबांच्या डोक्यात जे आलं, ते साध्यासुध्या माणसाच्या डोक्यात येणारं नव्हतं. सून जिथे दिवसभर बसते, तिथेच ठेवायची. अंगणवाडीच्या कपाटावर, अक्षरांच्या जुन्या तक्त्यांमागे, डिंकाची एक मोठी रिकामी बाटली पडून होती. आबांनी ती धुतली आणि काकवी तिच्यात ओतली. डिंकाचा रंग आणि काकवीचा रंग, जुळे भाऊ जणू. बाहेर चिठ्ठी डिंकाची, आत माल गुऱ्हाळाचा.

तेव्हापासून चार वर्षांच्या नातीला, करिष्माला, अंगणवाडीत सोडायला आबा स्वतः जाऊ लागले. सुनेला वाटलं, म्हातारा सुधारला. पोहोचवलं की आबा कपाटाच्या आडोशाला जात, बाटलीत बोट बुडवत आणि डोळे मिटत. करिष्मा दाराकडे तोंड करून पहारा देई. पहाऱ्याची मजुरी ठरलेली होती: एक बोट आबांचं, एक बोट करिष्माचं.

"मम्मीला सांगायचं न्हाई."

"बोट दिलं तर न्हाई सांगनार," करिष्मा म्हणे. पोरगी व्यवहाराला पक्की होती.

इकडे अंगणवाडीवर वेगळंच संकट आलं होतं. हंगामात अर्धी वाडी ऊसतोडीला गेलेली, लेकरंही आईबापांसोबत गेलेली. उरलेल्या लेकरांसाठी तेलगावहून प्रविण सरांच्या नर्सरीची पिवळी गाडी फेऱ्या मारायला लागली होती. गाडीवर इंग्रजी अक्षरं होती, आत रबरी हत्ती होता. लेकरं कमी झाली तर ही अंगणवाडी ओढ्यापलीकडच्या वाडीला जोडायची, असं वरून ठरत होतं. धनश्री मॅडम म्हणून सुपरवायझर होत्या. त्या पालक मेळाव्याला येणार, पालकांचं म्हणणं ऐकणार आणि काय ते सांगणार. बबिता ताटावरून अर्ध्यातच उठू लागली. याच खोलीत तिने वाडीतली किती तरी लेकरं बोलती केली होती. आबांना शुगरने जेवढं छळलं नव्हतं, तेवढं सुनेच्या त्या उरलेल्या ताटाने छळलं.

"काय बी कर, पन लेकरांच्या हातचं दाखव," आबा म्हणाले. "हाताला बघून आईबाप इरघळत्यात."

थापाड्या माणसाचा हा सल्ला मात्र खरा निघाला. बबिताने कागदाचं तळं करायचं ठरवलं. निळ्या घोटीव कागदाचे मोठे ताव जोडून जमिनीवर पाणी अंथरायचं. पतंगाच्या पातळ कागदाचे मासे दुमडायचे, म्हणजे पोट पोकळ राहून ते उभे राहतात. रंगीत कागद फाडायचा, त्याचे खवले करून माशांवर चिकटवायचे. तीन-चार वर्षांच्या लेकराला कात्री देता येत नाही, पण फाडायला सांगा, जन्मजात तयार असतं. मासे पाण्यावर नुसते मांडायचे, चिकटवायचे नाहीत. आईबाप आले की ज्याने त्याने आपला मासा उचलून दाखवायचा.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी आबा करिष्माला न्यायला आले. दारात पाऊल टाकलं आणि तिथेच खिळले. लेकरं गोल बसली होती. मधोमध डिंकाची बाटली होती आणि मदतनीस वत्सलाबाई तिच्यातून ताटलीत धार सोडत होत्या.

"ये ये ये! थांबा!" आबा ओरडले.

"काय झालं?" बबिताने वर पाहिलं.

काय झालं ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. आबांनी बाटलीकडे बोट केलं. "त्यो... त्यो डिंक कुठं घावला?"

"कपाटावर," वत्सलाबाई म्हणाल्या. "आमची बाटली वाळून खडक झाली, सुग्रीवभाऊ. म्हनलं, जुन्या तक्त्यांमागं बघावं, तर ही अर्ध्याच्या वर भरलेली! देवच पावला."

"जुना हाय त्यो. चिकटनार न्हाई."

"चिकटायलाय की. ह्ये बघा." वत्सलाबाईंनी हात वर केला. हाताला कागदाचे सात खवले आणि एक पेन्सिल चिकटलेली होती.

तेवढ्यात फळांचा गाडा लावणाऱ्या वाहेदचा गुफरान, आजवर ज्याने अंगणवाडीत हूं का चूं केलं नव्हतं, त्याने बोट तोंडात घातलं. त्याचे डोळे लिंबाएवढे झाले.

"मीठा है!"

मग एकदम सगळ्या लेकरांची बोटं सगळ्या लेकरांच्या तोंडात गेली. बबिता बाटलीकडे बघू लागली. मग सासऱ्याकडे. तिच्या कपाळावर ती आठी पडली, जी बुंदीच्या वेळी पडली होती.

आबा आयुष्यभर विनाकारण खोटं बोलत आले होते. आज पहिल्यांदाच कारण मिळालं.

"गोडच असनार! धावड्याचा डिंक हाय त्यो. बाळंतिनीच्या लाडवात घालत्यात त्यो. मीच आनून ठिवलाय, लेकरांच्या कामाला यील म्हनून. इकतचा डिंक पोटात गेला तर काय घ्या?"

बबिताची आठी हळूहळू मोडली. "तुमी आनलात? लेकरांसाठी? मंग आदी कावून न्हाई सांगितलं?"

"सांगून केलं तर ते करनं कसलं?" आबा म्हणाले, आणि आपल्या महिन्याभराच्या सुखाची शेवटची धार ताटलीत पडताना डोळ्यांत पाणी आणून बघत राहिले. वत्सलाबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला लेकरांचं प्रेम अनावर झालं.

आणि काय सांगावं, जी लेकरं एरवी एका जागी बसायला मागत नव्हती, ती त्या दुपारी हलेनात. एक खवला माशाला, एक चाटण तोंडाला, असं काम चाललं. मासे झाले, बदकं झाली, करिष्माने कासव केलं. घरी जायची वेळ झाली तरी कुणी उठेना. न्यायला आलेल्या आयांनी ओढून नेली तेव्हा रडारड झाली. नर्सरीच्या गाडीचा हॉर्न वाजत होता, त्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही.

एक माणूस तेवढा घरी जाऊन बेचैन होता. काकवी म्हणजे काय, हे आबांना ठाऊक होतं. काकवीचा थेंब सांडला तर मुंगळे पाहुण्यांसारखे लांबून लांबून येतात, आणि इथे तर तळंच्या तळं माखलेलं! उद्या मॅडम येणार आणि लेकरांच्या खोलीत मुंगळ्यांची जत्रा. अंगणवाडी गेलीच म्हणायची, आणि तीही आपल्या जिभेपायी.

उजाडताच आबा वत्सलाबाईंच्या दारात उभे. "चावी द्या. झाडून काढतो."

"तुमी? झाडून?" वत्सलाबाईंनी आभाळाकडे पाहिलं, ऊन नेमकं कुठून निघालंय ते बघायला. पण चावी दिली.

आबांनी दार उघडलं. तळं शांत होतं. मासे जिथल्या तिथे. फक्त उंबऱ्यावरून दोन-तीन मुंगळे मिशा हलवत आत येत होते. "आलात का बे!" आबा म्हणाले, आणि त्यांना चपलेने वाटेला लावलं. मग खिचडीच्या सामानातला हळदीचा डबा काढला. हळदीची रेघ मुंगळा ओलांडत नाही, हे घरोघरी माहीत असतं. आबांनी तळ्याच्या कडेने, निळ्या कागदाला लागून, सबंध डबा रिता करत जाडजूड पिवळी रेघ ओढली. कुठे फट म्हणून ठेवली नाही. किल्ल्याचा तट बांधावा तशी. मग हात झटकून म्हणाले, "आता या कुनाच्या बापाला यायचं ते!"

एकच गोष्ट आबांच्या ध्यानात आली नाही. पाहुणे आदल्या सांजेलाच आले होते. माशांच्या पोकळ पोटांखाली पंगत बसली होती आणि बाहेर जायची वाट आता हळदीने बंद झाली होती.

मेळाव्याला खोली भरली. धनश्री मॅडम चष्मा पुसत खुर्चीत बसल्या. गुफरानची आई नसीम दारापाशी उभी होती. तिने नर्सरीचा फॉर्म पदराला बांधूनच आणला होता. आणि फुगे घेऊन खुद्द प्रविण सर आले होते, "सहज, शेजारधर्म म्हणून."

"हे लेकरांनी केलेलं तळं," बबिता म्हणाली. "खवले त्यांनीच फाडले, त्यांनीच लावले."

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. हे असं 'छान आहे' त्या प्रत्येक अंगणवाडीत म्हणत असणार, हे त्यांच्या जांभईवरून कळत होतं.

"मॅडम, आमच्याकडं ॲक्टिव्हिटी बॅटरीवर असते," प्रविण सरांनी हळूच सोडून दिलं. "आमचे मासे हालतात."

आणि बरोबर त्याच वेळी लाल मासा हालला.

आधी शेपूट थरथरली. मग मासा जरासा वळला आणि सावकाश, एखाद्या सरपंचाच्या डौलात, निळ्या कागदावरून पुढे निघाला. वत्सलाबाईंच्या हातातली चहाची ताटली कलली. मग पिवळा मासा निघाला. मग हिरवा. बदकं डुलायला लागली. उन्हाची तिरीप दारातून तळ्यावर आली होती, तिच्या उबेने खालची पंगत उठली होती आणि काकवीने पाठीला चिकटलेला मासा घेऊनच वाट शोधत होती. रेघेपाशी पोहोचली की हळद लागे आणि सगळी मंडळी मासा घेऊन माघारी वळत.

"मासा पवायलाय!" करिष्मा किंचाळली.

"या अल्लाह!" नसीमने पदर तोंडात धरला.

कोपऱ्यात उभ्या आबांनी हळदीच्या रेघेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्यांना एकट्याला कळलं होतं.

मॅडम खुर्चीतून उठल्या, वाकल्या, चष्मा नाकावर ओढून त्यांनी लाल माशाच्या पोटाखाली पाहिलं. मग ताठ झाल्या.

"बबिताताई, हे मुंगळे आहेत."

बबिताचा चेहरा कागदासारखा पांढरा.

"लहान मुलांच्या खोलीत इतके मुंगळे?"

"आमच्याकडं टाइल्स हायत," प्रविण सर म्हणाले.

आता मात्र आबांनी धोतर सावरलं आणि पुढे झाले. सुनेचा तो चेहरा त्यांना बघवेना. "मॅडम, ह्ये मुंगळे आगंतुक न्हाईत. आमच्या शाळेतलेच हायत."

"काय?"

"शिकवलेले हायत. ही पिवळी रेघ बघा. ह्या रेघेभाईर एक जरी मुंगळा गेला, तर सुग्रीव नाव लावनार न्हाई."

मॅडमनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. हिरवा मासा रेघेपर्यंत आला, थांबला, आणि मुकाट माघारी वळला. पिवळा आला, वळला. कासवही आलं, त्याने बराच वेळ विचार केला, आणि तेही वळलं.

"येवढी शिस्त तर आपल्या ग्रामसभेत बी न्हाई," वत्सलाबाई पुटपुटल्या.

मॅडमच्या ओठांचा कोपरा हालला. पण त्या काही बोलणार, तोच पुढचा प्रकार झाला. मुका समजला जाणारा गुफरान पालथा पडून तळ्याशी नाक लावून ओरडला, "लाल वाला मेरा! चल, चल, चल! बाई, उसके नीचे छे पाँव का घोडा है!"

"माझा हिरवा! माझा पुढं!" दुसरं लेकरू पडलं. मग तिसरं. सारी अंगणवाडी पालथी पडली. कुणी मुंगळ्याचे पाय मोजतंय, कुणी रंग सांगतंय, कुणी आपण खवला कसा फाडला ते मॅडमचा पदर ओढून दाखवतंय. साहेब माणूस दिसला की आईमागे लपणारी लेकरं ती!

नसीम बघतच राहिली. "ये तो घर में बी इत्ता नै बोलता," ती म्हणाली. तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला आणि तिने नर्सरीचा फॉर्म सोडवून त्याचा मासा दुमडायला घेतला.

त्यानंतर तिथे मेळावा राहिलाच नाही, बैलांच्या शर्यतीसारखा शंकरपट झाला. बाप माणसं उकिडवी बसली. "हुर्र! हाल की!" सुरू झालं. मॅडमनी चप्पल काढली, खाली मांडी घातली आणि म्हणाल्या, "तो जांभळा कुणाचा? कुणाचाच नाही? मग तो माझा!" जांभळा मासा दोन बदकांना मागे टाकून निघाला, तेव्हा त्यांनी अशी टाळी वाजवली की चष्मा तळ्यात पडला. प्रविण सर बराच वेळ हाताची घडी घालून उभे होते. पण कासव वळणावर अडकलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. फुग्यांचा दोरा हातातून सुटला, फुगे छताला गेले, आणि सर गुडघ्यांवर बसून ओरडत होते, "वळ, वळ बे! डावीकडून वळ!" बाहेर पिवळ्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न देऊन देऊन पाहिलं, मग तोही आत आला आणि बदकावर बोली लावून बसला.

शेवटी मॅडम उठल्या. केस विस्कटलेले, गुडघ्याला हळद लागलेली. "ही अंगणवाडी कुठेही जाणार नाही," त्या म्हणाल्या. "मुलं बोलतात, बघतात, मोजतात, आणखी काय हवं? ओढ्यापलीकडच्यांनाच मी इथे बघायला पाठवते. फक्त मुंगळ्यांना आता सुट्टी द्या."

खोलीत असा गलका झाला की छताचे फुगे हादरले. वत्सलाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि त्याच पदराने हळदीच्या रेघेत एक दार केलं. मुंगळे रांगेने बाहेर पडले. मॅडमसाठी आणलेली शाल मॅडमनी घेतली नाही. त्यांनी ती आबांच्या खांद्यावर घातली आणि नारळ हातात दिला. "आजोबा, हे डोकं तुमचं. दोन शब्द बोला."

बबिता जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आबा, मी उगंच तुमच्यावर संशेव घेत असते. तुमी लेकरांसाठी येवढं केलं, आन् मी तुमची जीभ तपासत बसले."

इथे आबांनी नारळ घेऊन गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा सारं गाव त्यांच्याकडे खरा माणूस म्हणून बघत होतं. ही नशा काकवीहून गोड.

"मंडळी," आबांनी शाल झटकली, "ह्यो डिंक असा-तसा न्हाई. कपिलधारच्या मागच्या डोंगरात एकच धावडा हाय त्याचा. खाली अस्वल राखन करतंय. मी त्याला म्हनलं, बाबा, मला माझ्यासाठी नगं, लेकरांसाठी पायजे. अस्वल बाजूला झालं."

टाळ्या पडल्या. करिष्मा कधीची आबांचं धोतर ओढत होती. आबांनी तिला हळूच मागे सारलं. ती पुन्हा पुढे आली आणि आपलं रिकामं बोट त्यांच्यासमोर उभं धरलं. काल बाटली रिती झाली, आज पहाऱ्याची मजुरी मिळालेली नव्हती. आबांनी बोटाकडे पाहिलंच नाही.

"आन् मुंगळ्यांना वळन लावायला म्हैनाभर राबलो," आबांचा आवाज चढला. "डिंक पुढ्यात असायचा, पन ह्या सुग्रीवानं त्याला कदी बोट म्हनून लावलं न्हाई!"

"खोटं!" करिष्मा ओरडली. एवढ्या मोठ्याने, की मॅडम, प्रविण सर, नसीम आणि सगळ्यांत आधी तिची आई, साऱ्यांच्या माना एकदम वळल्या. "कपाटामागं जाऊन रोज चाटता की! डिंक न्हाई त्यो, काकवी हाय! आन् आबा, मपलं आजचं बोट द्या आदी!"